दोन शिखरांसाठी बंगलोर

सोलापूरची माणसं बंगलोरला जातात ती रेशमी साडी घ्यायला, नाहीतर म्हैसूर बघायला जाता जाता. मी गेले ती चिमूटभर पांढरी पूड घेऊन. बागा, राजवाडे यांतलं मी फारसं काही पाहिलं नाही, हे आधीच सांगते.

आणीबाणी उठल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करते. अमाइड जातीचा एक नवा पदार्थ मी बनवला होता. तो नेमका काय आहे हे पाहण्यासाठी त्याचा नमुना बंगलोरच्या एका संशोधन संस्थेत पोस्टानं पाठवला. तिथं एनएमआर नावाचं यंत्र आहे. पदार्थाचं द्रावण बारीक नळीत भरून मोठ्या लोहचुंबकात ठेवायचं आणि त्यावर रेडिओलहरी सोडायच्या. मग रेणूतले हायड्रोजन कुठं कुठं बसले आहेत, त्याप्रमाणे कागदावर शिखरं उमटतात. माझ्या पदार्थाच्या आलेखात जिथं एक शिखर यायला हवं होतं तिथं दोन आली. अगदी शेजारी शेजारी, एक उंच आणि एक जरा ठेंगणं.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, हे मिश्रण आहे, पुन्हा शुद्ध करा. मी केलं. विलायक, म्हणजे विरघळवणारं द्रव, बदलून बदलून स्फटिक काढले. वितळण्याचं तापमान दर वेळी तेच आणि काटेकोर. पण नमुना पाठवला की दोन शिखरं घेऊन आलेख परत. शेवटी सर म्हणाले, हा पदार्थ सोडा आणि नव्या विषयाला हात घाला. सरांबद्दल मला आदर आहे. त्यांच्याइतकं स्वच्छ काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण दोन शिखरं म्हणजे दोन पदार्थ, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

मी वाचनालयातली नियतकालिकं चाळत होते आणि त्यांत मला वेगळंच दिसत होतं. असला रेणू द्रावणात स्वस्थ बसत नाही. त्यातला एक बंध मोठ्या कष्टानं वळतो, त्यामुळं नायट्रोजनला चिकटलेला मेथिल गट कधी या बाजूला असतो, कधी त्या. पदार्थ एकच, पण बसण्याच्या तऱ्हा दोन, आणि यंत्र दोन्ही वेगवेगळ्या मोजतं. द्रावण तापवलं की ही अदलाबदल इतकी जलद होते की यंत्राला फरक कळेनासा होतो आणि दोन शिखरांचं एक होतं. मिश्रण असेल तर मात्र कितीही तापवा, दोनाची दोनच राहतात. म्हणजे नळी यंत्रात ठेवून तापवायची, एवढीच परीक्षा होती. पण बाहेरून आलेले नमुने ते लोक साध्या तापमानालाच बघत. पुडी पोस्टानं जाते, हट्ट पोस्टानं जात नाही. सुट्टी लागताच मी तिकीट काढलं.

एकटी कशी जाणार, असा प्रश्न घरात निघाला. माझ्या यजमानांना गिरणीच्या हपिसातून रजा नव्हती आणि मुलीला सांभाळायला ते हवेच होते. आमच्या घरात आत कानडी आणि दाराबाहेर मराठी, म्हणून सासूबाईंना मी अत्ती म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. गुलबर्ग्याच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. त्या ज्वारी पाखडत बसल्या होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "एकटी कशाला? मी हाय की."

गुंतकल

रायचूरपर्यंतचा प्रवास इतका उकाड्याचा होता की त्यावर काही लिहावंसं वाटत नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि फडक्यात घट्ट बांधलेलं दही यांवर आम्ही दिवस काढला. समोरच्या बाकावरचं मद्रासकडचं जोडपं आमची भाकरी पापडासारखी मोडताना बघून चकित झालं. अत्तींनी त्यांना अर्धी देऊ केली. त्या बाईंनी ती सांबारात बुडवून खाल्ली. अत्तींना ते पटलं नाही, पण त्यांनी तसं तोंडावर दाखवलं नाही.

रायचूर सोडल्यावर काळी जमीन संपते, माती तांबूस होते आणि मोठमोठे धोंडे दिसायला लागतात. कुणी तरी एकावर एक रचून ठेवावेत तसे ते उभे असतात. अत्ती बराच वेळ खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या धोंड्यांत माणसं पेरतात कुठं, असं त्यांनी दोनदा विचारलं.

गुंतकलला रुंद रुळांवरची गाडी सोडून अरुंद रुळांवरची धरावी लागते. आम्ही डब्यात जागा धरून, ट्रंक बाकाखाली सरकवून बसलो आणि माझ्या कानावर तेलुगू बोलणं पडलं. माझं माहेर सोलापुरात विणकरांच्या वस्तीला लागून. शेजारच्या पोरींबरोबर खेळताना ती भाषा कानात बसलेली. दारात उभे असलेले दोघे म्हणत होते की हा डबा हुबळीला जाणार आहे. बंगलोरचे डबे पुढं होते आणि शिट्टी झाली होती.

आम्ही धावलो. ट्रंक माझ्या हातात आणि पिशवी अत्तींच्या. पुढच्या डब्याच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला आणि पिशवी फलाटावर आपटली. आतल्या माणसांनी त्यांना हात देऊन वर घेतलं, मी पिशवी उचलून चढले. गाडी हलल्यावर मी पिशवीतला पावडरचा जुना डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेली माझी बाटली होती. ती तडकली होती. निम्मी पूड काचेच्या कणांत आणि कापसात गेली होती.

गाडीच्या हेलकाव्यात, पोस्टकार्डाच्या कडेनं, जेवढी स्वच्छ होती तेवढी पूड मी कागदावर घेतली. पोस्टकार्ड हलू नये म्हणून अत्तींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. एका नळीपुरतं निघालं. फार तर एका नळीपुरतं.

बंगलोर

मे महिन्यात सकाळी अंगावर पदर ओढून घ्यावा लागतो, हे सोलापूरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. रस्त्यावर झाडं इतकी की ऊन पानांतून गाळून येतं. आम्ही आमच्या समाजाच्या वसतिगृहातल्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलो. तिथली कॉफी पितळेच्या पेल्यात यायची, वाटीत ओतून गार करून प्यायची. अत्तींनी पहिल्या दिवशी ती औषधासारखी घेतली. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन मागायला लागल्या.

आपल्याला कानडी येतं या भरवशावर आम्ही निघालो होतो, पण ते कानडी तिथं चालेना. आमचं 'ह्यांग' तिथं 'हेगे' होतं. अत्ती बोलल्या की लोक ऐकून घेत आणि मग हसत. अत्ती म्हणाल्या, "हितलं कानडी लई मऊ हाय. भातावरच्या माणसांचं." भात मात्र त्यांना सोसवेना. सकाळी भाताचे प्रकार, दुपारी भात, रात्री भात, आणि मधे नाचणीचा गोळा, जो चावायचा नसतो, गिळायचा असतो. त्यांनी घरून आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसल्या. तिथल्या स्वयंपाकिणी हातातलं काम सोडून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या एकीनं शिकायलाच घेतलं.

मी इकडे संस्थेत यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. यंत्राचे प्रमुख डॉ. वरदन, पन्नाशीचे, कपाळावर नाम, पायांत चपला आणि बोलणं नेमकं. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी नकार दिला. तापवण्याचं साधन लावायला फार वेळ जातो, यंत्रासाठी वाट पाहणारे पुष्कळ, आणि बाहेरच्या एकासाठी केलं की सगळ्यांसाठी करावं लागतं. मी म्हटलं, मी थांबते. ते म्हणाले, थांबून काही होणार नाही. मी तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बाकावर बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "मिश्रण नाही असं तुम्ही कशावरून म्हणता?"

मी सांगितलं की मी इतक्या वेगवेगळ्या रीतींनी शुद्ध केलं, पण दोन शिखरांच्या उंचीचं प्रमाण एकदाही बदललं नाही. मिश्रण असतं तर कधी एक वाढलं असतं, कधी दुसरं. ते म्हणाले की त्यांच्या एका विद्यार्थ्याचं काम चालू होणार आहे, त्यासाठी साधन लावलेलंच असेल. त्याचं आटोपलं की तुमची नळी एकदा घालू.

यंत्र

त्या खोलीत शिरण्याआधी घड्याळ काढून ठेवावं लागतं. दोन मोठ्या लोखंडी चकत्या समोरासमोर, मधे फटीत नळी, आणि तिच्यात हवेच्या झोतानं गरगर फिरणारं माझं द्रावण. चुंबक तापू नये म्हणून पाण्याचे नळ सतत वाहत होते. सोलापुरात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळं त्या आवाजाकडे माझं सारखं लक्ष जाई.

साध्या तापमानाला दोन शिखरं आली. डॉ. वरदननी तापमान वाढवत नेलं. शिखरं बसायला लागली, रुंद झाली, त्यांच्यामधली दरी उथळ झाली. मी आलेख काढणाऱ्या लेखणीकडे बघत होते. पण ती एक होईनात. पुढं जाता येत नव्हतं, कारण द्रावण जड हायड्रोजनच्या खास क्लोरोफॉर्ममधलं होतं आणि क्लोरोफॉर्म साठाच्या आसपास उकळतो.

डॉ. वरदननी हात मागे घेतला. "यावरून काहीच म्हणता येणार नाही. नळीत बुडबुडे आले, चुंबकाचा जम बिघडला, तरीही शिखरं अशीच पसरतात."

मी कागदाच्या उजव्या टोकाकडे बोट केलं. मापासाठी म्हणून त्याच नळीत एक ठरावीक पदार्थ थेंबभर टाकलेला असतो. त्याचं शिखर सुईसारखं टोकदार होतं. "चुंबक बिघडला असता तर हेही पसरलं असतं. जे पसरलंय ते फक्त माझ्या रेणूचं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळून पाहिला. साधन आजच काढायचं होतं, ते म्हणाले, पण उद्या संध्याकाळपर्यंत ठेवतो. जास्त तापमानाला न उकळणारा विलायक मात्र तुम्ही आणा. आणि त्यात साधा हायड्रोजन नको. असला तर त्याचंच शिखर सगळा कागद खाऊन टाकील. त्यांच्याकडचा तसला खास विलायक दुसऱ्या विभागाच्या कपाटात होता आणि ते कपाट उघडू शकणारे गृहस्थ दिल्लीला गेले होते.

वसतिगृहाकडे चालत येताना मी मनातल्या मनात विलायकांची नावं घेत होते. एक आठवलं, टेट्राक्लोरोएथिलीन. हायड्रोजन अजिबात नाही, एकशेवीसच्या पुढं उकळणारा. आणि तो कुठल्या प्रयोगशाळेत नाही, तर कपडे कोरडे धुणाऱ्यांकडे असतो.

ड्रायक्लीनर

अत्तींना घेऊन मी बाजारात गेले. पहिल्या दोन दुकानांत पेट्रोलनंच कपडे धुतात असं कळलं. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ कोटाला इस्त्री करत होते. आमच्याकडे कपडा एकही नाही आणि आम्हांला धुण्याचं रसायन हवंय, हे ऐकून त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी रसायनाचं नाव इंग्रजीत सांगितलं, तसे ते आणखी सावध झाले. रसायन तसं कुणाला देत नाही, म्हणाले.

अत्ती पुढं झाल्या आणि आपल्या अक्कलकोटी कानडीत म्हणाल्या, "माझ्या सुनेला एक डाग काढायचा हाय."

कुठल्या कापडावरचा, असं त्यांनी विचारलं.

"कापडावरचा न्हाय. हिनं केलेल्या कामाला लोक भेसळ म्हणत्यात. ही गप बसणारी न्हाय."

त्या माणसाला काय समजलं कोण जाणे. इस्त्री उभी करून ते आत गेले आणि एक बाटली भरून घेऊन आले. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, वास डोक्यात जातो, एवढं त्यांनी बजावलं. बाहेर पडल्यावर मी अत्तींकडे बघत राहिले. मी काय करायला आलेय ते या बाईंना इतकं नीट कळलंय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गाडीत एकदा त्यांनी विचारलं होतं आणि मी तीन वाक्यांत सांगून टाकलं होतं, तेवढंच.

तापमान

सकाळी ते रसायन मी संस्थेच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करून स्वच्छ केलं. मग आदल्या दिवशीच्या नळीतलं क्लोरोफॉर्म हलकेच उडवलं. तळाला माझी पूड पुन्हा दिसली. या यंत्राची ही एक मोठी गोष्ट आहे, पदार्थ आहे तसा परत मिळतो. ती नव्या विलायकात विरघळवली. हातातून नळी सुटली असती तर दुसरी भरायला काही उरलं नव्हतं. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर पहिल्यांदा चहा नेतानाही मी इतकी जपून चालले नसेन.

लेखणी सरकायला लागली. दोन शिखरं, कालचीच. तापमान चढत गेलं तशी ती बसली, फुगली, मधली दरी भरत आली. साठ मागे पडले. पुढच्या आलेखात दरी नव्हतीच. एक पसरट उंचवटा होता, शेतातल्या बांधासारखा. आणखी तापवल्यावर तो उंचवटा वर उठायला लागला, अरुंद झाला, आणि अखेर कागदावर एकच टोकदार शिखर उभं राहिलं.

मला वाटलं, झालं. पण डॉ. वरदन म्हणाले, "उष्णतेनं तुमच्या मिश्रणातला एक पदार्थ नष्ट झाला असेल, तरीही एकच शिखर दिसेल."

"मग थंड करा," मी म्हटलं. "नष्ट झालेला पदार्थ परत येत नाही."

नळी थंड व्हायला वेळ लागतो. त्या वेळात जेवायला जा म्हणाले तरी मी गेले नाही. खुर्चीवर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. माझा अंदाज चुकला तर काय, हा विचार तिथं पहिल्यांदा मनात आला. चुकला तर सरांचं म्हणणं खरं, आणि इतक्या वर्षांचं काम म्हणजे भेसळ. पण तेही इथंच बसून बघायचं, असं मी ठरवलं.

आलेख पुन्हा घेतला. आधी उंचवटा, मग दरी, मग दोन शिखरं. एक उंच, एक जरा ठेंगणं. सकाळचा कागद त्यावर ठेवून डॉ. वरदननी दोन्ही उजेडासमोर धरले. रेषेवर रेष बसली.

ते म्हणाले, "हा एकच पदार्थ आहे." आणि मग, मला अपेक्षा नसताना, त्यांनी खुर्ची ओढली. आता नुसतं एवढं घेऊन जाऊ नका, म्हणाले. मधल्या प्रत्येक टप्प्याचा आलेख घ्या. शिखर किती पसरलं यावरून रेणू किती वेगानं वळतो ते काढता येतं. संध्याकाळपर्यंत ते स्वतः यंत्रावर बसले. बाहेर त्यांची वाट पाहणाऱ्यांना त्यांनी सांगून टाकलं की आज यंत्र मोकळं नाही.

वसतिगृहात आल्यावर अत्तींनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. ताटात भाकरी वाढली आणि मी चार खाल्ल्या.

सोलापूर

परतीच्या प्रवासात गुंतकलला आम्ही डब्यावरची पाटी दोनदा वाचून मग चढलो. सोलापूर स्टेशनावर उतरल्यावर उन्हाची झळ अंगावर आली आणि अत्तींना फार बरं वाटलं. त्यांना टांग्यात बसवून मी तशीच सरांच्या घरी गेले.

सरांनी आलेख टेबलावर क्रमानं मांडायला लावले. आधी चढत्या तापमानाचे, मग उतरत्याचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी ते पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले. काकूंनी सरबत आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मापाचं शिखर टोकदार आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं आणि ते स्वतःच शोधून काढलं.

"माझं चुकलं," सर म्हणाले.

इतक्या दिवसांत सरांना काय काय ऐकवायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ते दोन छोट्या बाटल्या घेऊन आले. तळाशी पांढरे स्फटिक, वर पिवळा पडलेला कागद. माझ्या आधी सरांकडे कदम नावाचे एक विद्यार्थी होते, वैरागचे. त्यांच्या पदार्थांनाही दोन दोन शिखरं आली होती. त्यांनाही सरांनी मिश्रण म्हणून सांगितलं होतं. त्यांनी खूप प्रयत्न केले, आणि शेवटी संशोधन सोडून श्रीपूरच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी धरली.

"हेही अमाइडच आहेत," सर म्हणाले. बाटल्या त्यांनी माझ्या आलेखांशेजारी ठेवल्या. मग काकूंना हाक मारून श्रीपूरकडे जाणारी पहिली एसटी सकाळी किती वाजता सुटते ते विचारलं.

मी म्हटलं, मी जाऊन सांगून येते.

"नाही," ते म्हणाले. "हे मीच सांगायला हवं."